ऑफिस, गाळा, गोडाऊन: वाय-फायच्या साइट सर्व्हेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी जागा ताब्यात आली की फर्निचरवाला, एसीवाला, सीसीटीव्हीवाला अशी रांग लागते. वाय-फायचा नंबर शेवटी. तोवर सीलिंग बंद झालेलं असतं, रंग मारून झालेला असतो आणि एपी (अॅक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फायचा सिग्नल सोडणारा डबा) मग जिथे केबल मिळेल तिथे बसतो. खालचे प्रश्न अशा जागांचे मालक, अॅडमिनची माणसं आणि सोसायटीतल्या छोट्या ऑफिसांचे चालक नेहमी विचारतात ते आहेत.

मोबाईलवर सगळीकडे फुल दांड्या दिसतात. मग वेगळा सर्व्हे कशाला?

किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन कंपनी आपल्या मनाने ठरवते. शिवाय दांड्यांवरून एवढंच कळतं की एपीचा सिग्नल तुमच्या फोनपर्यंत पोचतोय. फोनचा सिग्नल एपीपर्यंत परत जातोय का, त्याच चॅनलवर (वाय-फायच्या हवेतल्या लेनवर) शेजारच्या तीन ऑफिसांचा गलबला आहे का, एका एपीवर किती माणसं लटकली आहेत, यातलं काहीच दांड्यांत दिसत नाही.

साइट सर्व्हेत इमारतीचा नकाशा सॉफ्टवेअरमध्ये घेतात, मापाचं यंत्र घेऊन जागा पायी फिरतात आणि दर दोन-तीन मीटरला सिग्नल, गोंगाट आणि चॅनल नोंदवत जातात. त्यातून एपी कुठे, किती उंचीवर, कोणत्या अँटेनाचा, कोणत्या चॅनलवर, किती पॉवरवर आणि त्याची केबल कुठून, एवढं निघालं पाहिजे. टेप घेऊन आला, चार फोटो काढले, ‘सहा पॉइंट लागतील’ म्हणाला आणि गेला, तर ती फक्त भेट झाली. आपल्याकडे त्यालाही सर्व्हेच म्हणतात, म्हणून कोटेशन घेताना विचारून घ्या.

आमचं ऑफिस जेमतेम हजार स्क्वेअर फुटांचं आहे. आम्हालाही लागतो का?

एकच हॉल, जिप्सम पार्टिशन, पंधरा-वीस माणसं असतील तर पूर्ण सर्व्हेची गरज नाही. जाणकार माणसाने तासभर फिरून शेजाऱ्यांचे चॅनल बघितले तरी पुरे. पण जुनी जाड भिंतींची इमारत, दोन मजले, कार्ड मशीन किंवा बारकोड स्कॅनरवर चालणारा धंदा, यातलं काही असेल तर लहान जागेतही मोजमाप करून घ्या.

सर्व्हेअरला बोलावण्याआधी आम्ही काय ठरवायचं?

वाय-फाय कोणत्या उपकरणासाठी हवंय, हे. बाकी सगळं यावर उभं राहतं, आणि नेमकं हेच कोणी सांगत नाही. ‘सगळीकडे रेंज पाहिजे’ ही मागणी ऐकून कोणीही चार एपी जास्त लावेल आणि मोकळा होईल.

कागद घ्या आणि यादी करा: लॅपटॉप, फोन, स्कॅनर, बिलिंगचे टॅब्लेट, प्रिंटर, कार्ड मशीन. मग त्यातलं सर्वांत दुबळं पण कामाचं उपकरण शोधा. गोडाऊनमध्ये ते हमालाच्या किंवा पिकरच्या (रॅकमधून माल काढणाऱ्याच्या) हातातलं स्कॅनर असतं. हॉस्पिटलात नर्सच्या हातातला टॅब्लेट. दुकानात कार्ड मशीन, जे बऱ्याचदा फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या जुन्या बँडवर चालतं. सर्व्हेचा निकष त्या उपकरणावरून ठरवायचा. मालकाच्या नव्या लॅपटॉपवर छान चालणारं नेटवर्क स्कॅनरवर तासातासाला तुटू शकतं, कारण स्कॅनरची अँटेना छोटी, पॉवर कमी आणि ते सतत हलत असतं.

ते उपकरण सर्व्हेच्या दिवशी सर्व्हेअरच्या हातात द्या. मापाचं महागडं यंत्र उणे ६२ दाखवत असेल तिथेच तुमचं स्कॅनर उणे ७० दाखवू शकतं. हा फरक एकदा मोजला की बाकीची सगळी मोजमापं तेवढ्याने खाली ओढून वाचायची.

उणे ६२, उणे ७० हे काय प्रकरण आहे? किती असलं म्हणजे चांगलं?

सिग्नल डीबीएममध्ये मोजतात आणि आकडा शून्याखाली असतो. शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरात. ३ डीबी घटले की ताकद निम्मी होते, १० घटले की दहावा हिस्सा उरतो. म्हणजे उणे ६७ आणि उणे ७७ यांत दहापटीचा फरक आहे, जरी फोनवर एखादीच दांडी कमी दिसली तरी.

कॉल, व्हिडिओ मीटिंग, स्कॅनर यांसाठी उणे ६७ डीबीएम किंवा त्याहून चांगला सिग्नल आणि गोंगाटापेक्षा २५ डीबी वर, हा व्यवसायात सर्रास धरला जाणारा निकष आहे. नुसतं ईमेल आणि ब्राउझिंग असेल तर उणे ७० चालतं. माणूस फिरता असेल तर आणखी एक अट घाला: प्रत्येक जागी दुसऱ्या एपीचाही सिग्नल साधारण उणे ७० ते ७५ पर्यंत हवा. नाहीतर पहिल्या एपीवरून दुसऱ्यावर जाताना मध्ये कॉल तुटतो.

एपीची पॉवर फुल केली तर कमी एपीत काम भागेल ना?

नाही. एपी लाउडस्पीकरवरून बोलतो आणि फोन कुजबुजतो, असं होतं. फोनची पॉवर ५ गिगाहर्ट्झवर बहुधा १२ ते १५ डीबीएमच्या आसपास असते. एपी २३ वर ठेवला तर फोनला तो लांबून ऐकू येतो, फोन त्याला चिकटून बसतो, पण फोनचं उत्तर एपीला नीट ऐकू येत नाही. डेटाचं तेच पाकीट पुन्हा पुन्हा पाठवलं जातं आणि ‘रेंज फुल आहे पण चालत नाही’ ही जुनी तक्रार येते. फुल पॉवरचे एपी लांबच्या एपीच्या चॅनलवरही जाऊन आदळतात.

म्हणून सर्व्हेअर टेस्टचा एपी कोणत्या पॉवरवर ठेवतो ते बघा. फुल पॉवरवर चाचणी घेतली आणि प्रत्यक्षात पॉवर कमी ठेवली, तर ती चाचणी कागदावरच राहिली.

प्रेडिक्टिव्ह, पॅसिव्ह, अॅक्टिव्ह: यातला कोणता घ्यायचा?

प्रेडिक्टिव्ह सर्व्हे टेबलावर बसून होतो. आर्किटेक्टकडून आलेली ऑटोकॅडची फाइल एकाहाऊ किंवा हमिनासारख्या सॉफ्टवेअरमध्ये टाकतात, भिंतींना त्यांचा प्रकार देतात आणि सॉफ्टवेअर अंदाज काढून देतं. इमारत अजून उभी राहत असेल तर दुसरा मार्गच नाही.

उभ्या इमारतीत मात्र नुसत्या अंदाजावर केबल ओढू नका. स्टँडवर एक एपी सीलिंगच्या उंचीला टांगून ठेवतात आणि त्याच्याभोवती फिरून मोजतात. त्यातून तुमच्याच भिंतींचे खरे आकडे मिळतात. एका बाजूला उणे ४८, भिंत ओलांडून लगेच मोजलं तर उणे ६०. म्हणजे ही भिंत १२ डीबी खाते. हा आकडा नकाशात भरला की अंदाजाला अर्थ येतो. अशा चार-पाच भिंती मोजल्या तरी बाकीची इमारत बरीचशी उलगडते.

पॅसिव्हमध्ये यंत्र नुसतं ऐकतं: कोणाचे एपी, कोणते चॅनल, किती सिग्नल. अॅक्टिव्हमध्ये ते नेटवर्कला जोडून डेटा पाठवून बघतं. चालू ऑफिसमध्ये तक्रारी असतील तर दोन्ही लागतात.

आमच्या भिंती साध्याच आहेत. काही फरक पडतो का?

फार पडतो. जिप्सम पार्टिशन ३-४ डीबी खातं, साधी काच २-३. प्लास्टर केलेली नऊ इंची विटांची भिंत साधारण १० च्या घरात जाते, आरसीसीची भिंत किंवा स्लॅब १५-२० किंवा त्याहूनही वर. ५ गिगाहर्ट्झचं नुकसान २.४ पेक्षा जास्त. कोकणात आणि गोव्यात जांभ्या चिऱ्याच्या रुंद भिंती, पुण्यातले जुने वाडे, मुंबईत फोर्टमधल्या दगडी इमारती यांत सॉफ्टवेअरमधली तयार ‘ब्रिक वॉल’ वापरली तर नकाशा सरळ खोटं बोलतो. तिथे मोजण्यावाचून गत्यंतर नाही.

लिफ्टचा शाफ्ट, धातूचं कोटिंग असलेली काच, हॉस्पिटलातली शिशाचा पत्रा लावलेली एक्स-रे रूम आणि कोल्ड स्टोरेजच्या पत्र्याच्या भिंती यांच्यापलीकडे सिग्नल जाणारच नाही असं धरून चालायचं. फॉल्स सीलिंगच्या वर एपी लपवण्याचा आग्रह इंटीरियरवाले धरतात. वर डक्ट, फॉइल लावलेलं इन्सुलेशन आणि केबल ट्रे यांची गर्दी असते. एपी खाली, दिसेल असाच बसवा. पांढऱ्या रंगाचा एक डबा दिसल्याने ऑफिसची शोभा जात नाही.

किती एपी लागतील? हजार स्क्वेअर फुटाला एक हा हिशोब बरोबर आहे का?

रेंजसाठी तो ढोबळ अंदाज म्हणून ठीक. पण ऑफिसात एपीची संख्या बहुतेक वेळा माणसांवरून ठरते.

एक ट्रेनिंग हॉल घ्या, ६० खुर्च्या. प्रत्येकाकडे लॅपटॉप आणि फोन, म्हणजे १२० उपकरणं. एका वेळी निम्मे लोक व्हिडिओ मीटिंगमध्ये आहेत असं धरा. एका मीटिंगला जाताना-येताना मिळून ५ एमबीपीएस, तर १५० एमबीपीएस झाले. २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनलवर गर्दीत एपीमधल्या एका रेडिओकडून प्रत्यक्षात ६०-७० मिळाले तरी नशीब. म्हणजे त्या एका हॉलला वेगवेगळ्या चॅनलवरचे दोन-तीन एपी हवेत, जरी रेंजला एकच पुरत असला तरी. खोक्यावर छापलेला हजारो एमबीपीएसचा आकडा या हिशोबात कुठेच येत नाही.

उलटही होतं. एपी भरमसाठ लावले की ते एकाच चॅनलवर एकमेकांची वाट बघत बसतात. नेटवर्कच्या नावांचंही तेच. ‘ऑफिस’, ‘गेस्ट’, ‘सीसीटीव्ही’, ‘अकाउंट्स’, ‘डायरेक्टर’, ‘डायरेक्टर ५जी’ अशी नावं वाढवली की प्रत्येक नाव प्रत्येक एपीवरून सेकंदाला साधारण दहा वेळा पुकारलं जातं आणि चॅनलचा वेळ त्यातच जातो. तीन-चार नावांत भागवा.

२.४, ५ की ६ गिगाहर्ट्झ?

२.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६, ११. भारतात १२ आणि १३ वापरता येतात, पण काही उपकरणांना ते दिसतच नाहीत, म्हणून त्या भानगडीत पडू नये. ब्लूटूथ आणि पॅन्ट्रीतला मायक्रोवेव्हही इथेच. दुपारी एक ते दोन वाय-फाय गचके खात असेल तर आधी पॅन्ट्रीत डोकावा. जुनी यंत्रं आणि कार्ड मशीन असतील तरच हा बँड ठेवा, आणि तोही काही एपींवर बंद करून.

५ गिगाहर्ट्झ हा ऑफिसचा खरा बँड. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्याचा मोठा पट्टा परवानामुक्त केल्यापासून २० मेगाहर्ट्झचे साधारण दोन डझन चॅनल हाताशी आहेत. गर्दीच्या इमारतीत २० च्याच रुंदीने जा, मोकळ्या जागेत ४०. ८० ची रुंदी घरी ठेवा.

यात एक मेख आहे. ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ हे चॅनल रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत. एपी तिथे सुरू होण्याआधी मिनिटभर कान देऊन ऐकतो आणि रडारची चाहूल लागली की चॅनल सोडून निघून जातो, अर्धा तास परत येत नाही. त्या वेळी जोडलेल्यांना झटका बसतो. विमानतळ, बंदर, नौदलाचा तळ किंवा हवामान खात्याचं रडार जवळ असेल (मुंबईत वेरावलीला सी-बँडचं आहे) तर टेस्टचा एपी एक-दोन दिवस त्या चॅनलवर चालू ठेवून त्याचा लॉग बघायला सांगा. उगाच घाबरून ते सगळे चॅनल बंद करणं हा मात्र मूर्खपणा आहे, कारण मग हातात थोडेच उरतात.

६ गिगाहर्ट्झसाठी दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये मसुदा नियम काढले. ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ हा खालचा पट्टा, इमारतीच्या आत कमी पॉवरवर. या बँडचे एपी घेताना त्या मॉडेलला भारतात त्या बँडसाठी मान्यता आहे, हे विक्रेत्याकडून कागदावर घ्या. सर्व्हेही त्या बँडवर वेगळा करावा लागतो.

गोडाऊनचा सर्व्हे वेगळा असतो का?

पूर्ण वेगळा. भिवंडी, चाकण, तळोजा इथली नवी गोदामं दहा-बारा मीटर उंच. एपी पत्र्याखाली तुळईला टांगला की वरच्या मोकळ्या हवेत तो शेजारच्या पाच एपींना स्वच्छ ऐकू येतो आणि खाली रॅकच्या मधल्या गल्लीत उभ्या माणसाला मात्र जेमतेम. चॅनल वर भरतो, स्कॅनर खाली उपाशी. यावर उपाय म्हणजे गल्लीच्या टोकाला किंवा वरून खाली तोंड करून एकाच दिशेला सिग्नल टाकणारा पॅच अँटेना, आणि पॉवर आवरती.

दुसरी गोष्ट माल. रिकाम्या रॅकमध्ये केलेला सर्व्हे छान येतो. त्याच रॅकवर तेलाचे डबे, पाण्याच्या बाटल्या, शाम्पू, लोखंडी पार्ट रचले की दोन गल्ल्यांपलीकडचा सिग्नल गायब होतो. कापसाच्या गाठी किंवा थर्माकोलचा माल असेल तर फारसा फरक पडत नाही. म्हणून माल भरलेला असताना मोजा, जमल्यास दिवाळीआधीच्या साठ्याच्या दिवसांत. अजून माल आलेला नसेल तर कोणता माल कुठे येणार ते सर्व्हेअरला लेखी द्या आणि माल आल्यावर पुन्हा फेरी मारायचं कबूल करून घ्या.

मोजताना गल्लीच्या तोंडाशी उभं राहून भागत नाही. स्कॅनर कमरेच्या उंचीला धरून, खालच्या खणात हात घालून, पाठ एपीकडे करून बघायचं, कारण पिकर तसाच उभा असतो. माणसाचं शरीरही काही डीबी खातं. लोडिंग डॉकही विसरू नका: ट्रक मागे लागला की त्याचा पत्र्याचा डबा दाराला बूच मारतो आणि आत शिरलेलं स्कॅनर मुकं होतं.

हॉटेल किंवा लॉजसाठी पॅसेजमध्ये एपी लावले तर स्वस्त पडतं. लावू का?

पॅसेजमध्ये एपी एकमेकांना सरळ रेषेत बघतात आणि खोलीत मात्र दार, टाइल्स लावलेलं बाथरूम, आरसा आणि पाइप ओलांडून सिग्नल जातो. पाहुणा पलंगावर पडून व्हिडिओ बघतो, पॅसेजमध्ये नाही. एक आड एक खोलीत एपी, हा सहसा चांगला तोडगा. नेमकं किती आड ते तुमची भिंत मोजून ठरवा.

पावसाळ्यात वाय-फाय खराब होतं का?

पावसाच्या थेंबांनी नाही. ५ गिगाहर्ट्झला मुसळधार पावसातही काही शे मीटरमध्ये जाणवेल एवढं नुकसान होत नाही. दोन इमारतींमधली लिंक पावसाळ्यात पडते ती मधल्या झाडामुळे, कारण मे महिन्यात विरळ असलेलं झाड जुलैत पालवतं आणि ओली पानं सिग्नल पितात. किंवा कनेक्टरमध्ये पाणी शिरतं. एमआयडीसीतल्या शेडपासून समोरच्या ऑफिसला लिंक द्यायची असेल तर उन्हाळ्यातला मोकळा नजारा बघून खांबाची उंची ठरवू नका.

केबलचा सर्व्हेशी काय संबंध?

नकाशावर आदर्श जागी ठेवलेल्या एपीपर्यंत केबल पोचली पाहिजे. तांब्याच्या केबलची मर्यादा पॅच कॉर्डसकट १०० मीटर, आणि ती डक्टमधून वळणं घेत जाते, नकाशावरच्या सरळ रेषेने नाही. मोठ्या शेडमध्ये इथेच दुसरा नेटवर्क रॅक (स्विच ठेवायचं कपाट) किंवा फायबर लागतं. एपीला वीजही त्याच केबलमधून मिळते. जुना स्विच एका पोर्टवर १५.४ वॉट देत असेल आणि नव्या एपीला ३० वॉटच्या मानकाचा पोर्ट हवा असेल तर एपी बऱ्याचदा काही रेडिओ बंद ठेवून चालतो आणि दोष सर्व्हेवर येतो. स्विचचं एकूण वॉटचं बजेट रिपोर्टात आलंच पाहिजे, आणि तो स्विच यूपीएसवर आहे का हेही.

रिपोर्ट कसा तपासायचा? आम्हाला तर सगळं हिरवं दिसतं.

आधी हिरव्या रंगाचा अर्थ बघा. रंगांची पट्टी सर्व्हेअरच्या हातात असते. उणे ८० पर्यंत हिरवं ठेवलं की कुठलंही ऑफिस हिरवंगार होतं. निकष उणे ६७ असेल तर त्याखालचा भाग राखाडी दाखवायला सांगा आणि मग बघा किती हिरवं उरतं.

त्यानंतर २.४ आणि ५ चे नकाशे वेगळे आहेत का, दुसऱ्या एपीच्या सिग्नलचा नकाशा आहे का, एकाच चॅनलवर किती एपी ऐकू येतात ते दाखवलंय का, प्रत्येक एपीच्या जागेचा फोटो आणि उंची आहे का, हे पाहा. फिरल्याची रेषाही मागा. संचालकांच्या केबिनमध्ये, जिन्यात, स्टोअरमध्ये रेषाच नसेल तर तिथला रंग सॉफ्टवेअरने मनाने भरलेला आहे. आणि पीडीएफबरोबर प्रोजेक्टची मूळ फाइल घ्या. पैसे तुम्ही दिलेत, पुढच्या वेळी दुसऱ्याकडून काम करून घ्यायचं तर ती लागेल.

वेंडर फुकट सर्व्हे करून देतोय. घ्यावा का?

घ्या, पण ते कोटेशनचंच काम आहे हे समजून. ज्याला एपी विकायचे आहेत त्याच्या सर्व्हेत एपी जरा जास्तच निघतात. मोठी जागा असेल तर सर्व्हेचे पैसे वेगळे देऊन, विक्रीशी संबंध नसलेल्या माणसाकडून करून घ्या. ते जमत नसेल तर ऑर्डरमध्ये एक ओळ घाला: बसवल्यानंतर मोजून ठरलेला निकष दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही. ही ओळ बघितल्यावर फुकटच्या सर्व्हेलाही धार येते.

बसवून झाल्यावर परत मोजायचं?

हो, सगळे एपी ठरलेल्या चॅनल-पॉवरवर असताना, माणसं आणि फर्निचर आल्यावर. त्यानंतर पार्टिशन हलवलं, रॅकची मांडणी बदलली, नवे स्कॅनर आले किंवा वरचा मजला घेतला की तेवढ्या भागाचा पुन्हा. काही बदललं नसेल तर दरवर्षी पैसे घालवू नका.

सर्व्हे उत्तम आला, तरी नेट स्लो. आता?

वायरने लॅपटॉप स्विचला जोडून बघा. तिथेही स्लो असेल तर दोष लाइनचा, फायरवॉलचा किंवा त्या सॉफ्टवेअरच्या सर्व्हरचा आहे, वाय-फायचा नाही.

सर्व्हेच्या दिवशी काय तयार ठेवायचं?

मापासकट नकाशा, शक्यतो मूळ कॅड फाइल. सगळ्या केबिनच्या, सर्व्हर रूमच्या आणि टेरेसच्या चाव्या, आणि त्या उघडून देणारा एक माणूस. फॅक्टरी असेल तर गेटपास, सेफ्टी शूज आणि फोटो काढायची परवानगी आदल्या दिवशीच. शिडी. ते सर्वांत दुबळं उपकरण, चार्ज केलेलं. आणि सिक्युरिटीला सांगून ठेवा, कारण डोक्यावर एपी टांगलेला उंच स्टँड ढकलत टॅब्लेटकडे बघत हळूहळू चालणारा माणूस त्यांनी अडवला नाही तरच नवल.